दोन डीएचसीपी एका घरात नकोत

मोडेमला राऊटर जोडला, तर तीनपैकी एकाच संगणकावर नेट येतं, असं तुम्ही लिहिलंय. मोडेमकडून येणारी केबल राऊटरच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) खोचली आहे का, ते आधी बघा. तसं असेल तर मोडेम आणि राऊटर दोघंही संगणकांना आयपी पत्ते वाटत बसतात (हे वाटपाचं काम म्हणजेच डीएचसीपी). ज्या संगणकाला राऊटरने पत्ता दिला, तो गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून राऊटरकडेच जातो, आणि राऊटरला बाहेरचा रस्ताच माहीत नसतो!

सोपा उपाय: राऊटरचं डीएचसीपी बंद करा आणि मोडेम १९२.१६८.१.१ वर असेल तर राऊटरला १९२.१६८.१.२ द्या. वॅन पोर्ट (बाहेरच्या लाइनची खाच) रिकामाच ठेवा. मग राऊटर नुसता स्विच (केबली एकत्र जोडणारी पेटी) आणि वायफायपुरता उरतो. चार-पाच यंत्रांना एवढं पुरतं.

वर कोणी ब्रिज मोड (मोडेम लाइन नुसती पुढे देतो, कनेक्शन राऊटर जोडतो) सुचवलाय, तोही चांगला, पण मग पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड राऊटरमध्ये भरावं लागतं. ते हाताशी नसताना मोडेम रिसेट करू नका, कारण मोडेममध्ये भरलेलं ते पुसलं जातं. मी पिन टोचून मोकळा झालो होतो, आणि रविवारभर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसलो.