जास्त खपते तीच लेन्स चांगली?

लातूरचा स्टुडिओवाला: परवा इथं एकानं लिहिलं, "जी कंपनी जास्त खपते तिचीच काच चांगली, बाकीच्या लेन्स म्हणजे पैसे वाचवायचा धंदा." बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, राहवलं नाही. सिग्मा दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठीही लेन्स बनवते; २०१२ला तिची ३५ १.४ आर्ट (३५ मिमी, छिद्र एफ/१.४) आली. छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तरी मुंडावळ्यांचा मोती न् मोती धारदार येतो. कॅनन-निकॉनच्या ३५ १.४ पेक्षा कितीतरी स्वस्त. तरी मांडवात फोटोग्राफरांच्या गळ्यातले पट्टे कुणाचे दिसतात? कॅनन-निकॉनचेच. खप काचेवर ठरत नाही.

बीडकर: फोकसवर ठरतो! १९८७ला कॅनननं माउंट (कॅमेऱ्याला लेन्स बसते ती जोडणी) बदलला, जुन्या एफडी लेन्स बाद, लोक चिडले. पण फोकसची मोटर लेन्समध्येच घातली, म्हणून खेळाच्या मैदानात कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग लागली. निकॉन १९५९चा माउंट धरून बसलं, मोटर बॉडीत ठेवली, मागं पडलं. अक्षता पडतात तो क्षण हुकला तर मोती कुणाला दाखवणार?

नांदेडकर: दुरुस्तीचं कुणीच बोलंना. माझ्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी लागली. पुण्याला पाठवली, पाच आठवडे पडून. तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्या, अन् मी भाड्याची लेन्स घेऊन पळायलोय.

लातूरचा स्टुडिओवाला: चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली असेल. हवाबंद डबा अन् सिलिका जेल, दोनशे रुपयांचं काम.

नांदेडकर: माझ्या कपाटावर जाऊ नका! जेल होतंच. आठवडाभर झड, भिंतीला ओल, दोन दिवसांत निळं जेल गुलाबी. दुरुस्ती गावात नसेल तर ती लेन्स माझ्यासाठी वाईटच.

बीडकर: हे मात्र खरंय. आम्हीपण कुरिअरवरच जगतो.

परभणीची नवशिकी: अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही. तिथल्या पद्मपाणीच्या चित्राचा फोटो मी सगळ्यात स्वस्त ५० १.८ लेन्सनं काढला, हातात धरून. डोळ्यांच्या पापण्या दिसतात.

लातूरचा स्टुडिओवाला: शाब्बास. आता बीडकर, ऐका. सोनीनं २०११ला ई माउंटची माहिती इतरांना खुली केली, म्हणून टॅमरॉन-सिग्मासारखे बाहेरचे लेन्सवाले तिथं रुजले. कॅननचा नवा आरएफ माउंट २०१८चा. टॅमरॉन-सिग्माला त्यावर ऑटोफोकससकट परवानगी मिळाली २०२४ला, तीही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती. दारच बंद असेल तर चांगली काच खपणार कशी?

बीडकर: बरं, दाराचं मान्य. फोकसचं सोडणार नाही.

नांदेडकर: लेन्स आली आज. मागून टॉर्च मारली. मधल्या काचेवर जाळं तसंच आहे.