मदत हवी आहे: ४.४ मीटरच्या अंतरात लॅनयार्ड (पडताना अडवणारा सुरक्षा दोर) पुरेल का?

स्लॅबच्या कडेला शटरिंगचं काम आहे. खालचा मजला ५ मीटरवर, त्यात उभ्या सळया ६० सेंमी, म्हणजे मोकळं अंतर ४.४ मीटर. (सळयांना टोप्या आहेत, पण त्यांच्यावर भरवसा नको.)

फुल बॉडी हार्नेस, १.८ मीटर लॅनयार्ड, शॉक अॅब्सॉर्बरसकट (शिवण उसवून झटका शोषणारा भाग). अँकर (दोर बांधायची जागा) पायापासून १ मीटरवर. कॉलम तेवढाच भरलाय, त्यामुळे वर नेता येत नाही. हार्नेसची पाठीवरची डी-रिंग (दोर अडकवायचं कडं) पायापासून दीड मीटरवर. मुक्त पतन २.३ मीटर, वेग साधारण ६.७ मीटर प्रति सेकंद. कामगार हत्यारांसह ११२ किलो.

अडवणारा जोर सरासरी ४ किलोन्यूटन धरला तर अॅब्सॉर्बर ०.८७ मीटर उसवतो. त्यात मुक्त पतन २.३, हार्नेस ताणला जातो ते ०.३ आणि राखीव १ मीटर मिळवून ४.४७. इथेच अडलंय. लेबलवरची कमाल उसवण १.७५ धरली तर एकूण ५.३५, म्हणजे विषयच संपला. शिवाय लेबलवर चाचणीचं वजन १०० किलो आहे.

१.२ मीटरचं लॅनयार्ड बघितलं, कडेपर्यंत हात पोचत नाही. दोन लॅनयार्ड जोडणं किंवा कमरेचा पट्टा (झटका थेट पोटावर) सुचवू नका.

११२ किलोसाठी हिशेबातलं ०.८७ धरायचं की लेबलचं १.७५? आणि १४० किलोवाला अॅब्सॉर्बर घेतला तर उसवण नक्की किती धरायची?