महाविद्यालयातल्या पाहुण्या व्याख्यानांचा इतिहास लिहायचा आहे, पण पत्रिका, अहवाल आणि फिती जुळत नाहीत

स्मरणिका_समिती

महाविद्यालयाच्या स्मरणिकेत पाहुण्या वक्त्यांची व्याख्यानं आणि परिसंवाद यांचा इतिहास द्यायचा आहे. कालखंड साधारण 60 वर्षांचा. हाताशी असलेलं साहित्य असं: वार्षिक नियतकालिकाचे बांधीव अंक (मधले काही गायब), प्राचार्यांचे वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिकांची एक पेटी, आणि 30-35 स्पूल व कॅसेट, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या फिती.

पत्रिकेवर एक तारीख, अहवालात दुसरी. विषयाचं शीर्षक तिसरंच. काही वक्ते पत्रिकेत आहेत, नियतकालिकात नाहीत. कोणाचं खरं धरायचं? आणि फिती एकदा वाजवून पाहिल्या तर चालतील का? कपाटात जुना स्पूल-रेकॉर्डर आहे.

---

जुनं_दप्तर

फिती वाजवू नका. त्या जुन्या रेकॉर्डरवर तर नकोच. कारणं इथले जाणकार सांगतील.

आता कागदांबद्दल. निमंत्रणपत्रिका हा व्याख्यान ठरल्याचा पुरावा आहे, झाल्याचा नव्हे. छापील भाषण हातात असलं तरी ते दिलं गेलं असं मानू नये. आंबेडकरांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे 1936 साली लाहोरच्या संमेलनासाठी तयार केलेलं अध्यक्षीय भाषण. संमेलनच रद्द झालं आणि भाषण त्यांनी स्वतः छापलं. पुस्तक आहे, भाषण झालेलंच नाही. असे छोटे नमुने प्रत्येक महाविद्यालयाच्या पेटीत निघतात.

म्हणून प्रत्येक नोंदीला तीन वेगळे रकाने ठेवा: ठरलं, झालं, छापलं. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि प्रत्येकाचा आधार वेगळा. रा. गो. भांडारकरांची विल्सन फिलॉलॉजिकल व्याख्यानं 1877 ची, पुस्तक 1914 चं. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर ‘व्हॉट इज लाइफ?’ या विषयावर डब्लिनला बोलले फेब्रुवारी 1943 मध्ये, पुस्तक आलं 1944 मध्ये. रकाना एकच असेल तर यादी करणारा हटकून पुस्तकाचं साल लिहितो.

विश्वास कोणावर? ज्याला सोहळ्याचं कौतुक करायचं नव्हतं त्याच्यावर. सगळ्यात वर नोटिशीची वही. शिपाई वर्गावर्गांत फिरवायचा आणि शिक्षक सही करायचे, तीच. ‘आजचे व्याख्यान काही कारणाने रद्द’ हे वाक्य फक्त तिथेच सापडतं. अहवालात रद्द झालेल्या गोष्टींना जागा नसते. ही वही तुमच्या यादीत दिसत नाही. कार्यालयाच्या माळ्यावर, परीक्षेच्या जुन्या गठ्ठ्यांमागे शोधा. त्याखालोखाल सभागृहाची नोंदवही, मग मंडळांची इतिवृत्तं, मग अहवाल, मग नियतकालिक. पत्रिका शेवटी.

वार्षिक अहवालाचा एक ठरलेला सापळा आहे. तो बक्षीस समारंभात वाचायचा असतो, म्हणजे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधी लिहून होतो. त्यानंतरची व्याख्यानं एक तर पुढच्या अहवालात घुसतात, नाहीतर दोन्हींतून गळतात. उलट, ‘लवकरच होणार’ म्हणून वाचलेलं पुढे झालेलं धरलं जातं. प्रत्येक वर्षाचे शेवटचे तीन महिने वेगळे तपासा. बहुतेक भोकं तिथेच असतात.

---

कीर्द_खतावणी

वरच्या उतरंडीत हिशेब राहिला. माझ्या मते तो नोटिशीच्या वहीच्याही वर जातो, कारण न झालेल्या व्याख्यानाचं मानधन सहसा कोणी देत नाही. व्हाउचरच्या फायलीत पाहायचं ते: मानधनाची सही केलेली पावती, प्रवासखर्चाचं बिल, ध्वनिक्षेपकाचं भाडं, पत्रिकांच्या छपाईचं बिल.

यातलं प्रवासबिल सोन्यासारखं. त्यावर निघाल्याची आणि पोहोचल्याची तारीख असते, गाव असतं, वक्त्याचा तेव्हाचा हुद्दा असतो आणि खाली त्याची स्वतःची सही. नावाचं स्पेलिंग तो स्वतः कसं करत होता तेही तिथेच कळतं. व्हाउचरच्या तारखेवर मात्र भिस्त ठेवू नका. आर्थिक वर्ष संपताना एकाच दिवशी दहा वक्त्यांची व्हाउचरं फाडलेली आढळतात. ती पैसे नोंदवल्याची तारीख, बोलल्याची नव्हे.

मर्यादा दोन. माजी विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, जवळपासचे लेखक हे बरेचदा मानधन घेत नाहीत, त्यामुळे पावती नसणं म्हणजे व्याख्यान न होणं नव्हे. आणि ठरावीक मुदतीनंतर व्हाउचर नष्ट करतात. अशा वेळी बांधीव कीर्द-खतावणी उरलेली असते. तिथे नाव नसेल, पण ‘व्याख्यानमाला खर्च’ या खात्यावर कोणत्या महिन्यात रक्कम पडली एवढं कळतं. महिना कळला की शोध निम्मा झाला.

एखादी माला देणगीतून चालत असेल तर देणगीपत्र शोधून आधी वाचा. विषय, वर्षाला किती व्याख्यानं, वक्ता कोण निवडणार, हे सगळं त्यात बांधलेलं असतं. स्कॉटलंडच्या विद्यापीठांतली गिफर्ड व्याख्यानं 1888 पासून चालू आहेत आणि विषयाची चौकट ॲडम गिफर्ड यांच्या मृत्युपत्राने घालून दिलेली आहे. तुमच्याकडे एखादी माला मध्येच तीन-चार वर्षं गप्प झाली असेल तर ‘उत्साह ओसरला’ असं लिहिण्याआधी त्या निधीचं व्याज आणि एका वक्त्याचा खर्च शेजारी मांडून बघा. मुद्दल तेच राहतं, प्रवास महागतो, मग दोन वर्षांचं व्याज साठवून एक व्याख्यान होतं. माला बंद पडलेली नसते, एक वर्षाआड झालेली असते.

---

फीत_आणि_चकती

फितींचं क्रमाने सांगतो.

आधी नुसत्या बघा आणि हुंगा. स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या फितीतून कडेने उजेड पाझरत असेल तर तिचं प्लॅस्टिक बहुधा ॲसिटेट, गडद दिसली तर पॉलिएस्टर. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेट कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, थंड-कोरड्या जागी ठेवा आणि डिजिटल रूपांतराच्या रांगेत पहिली लावा.

1970-80 च्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर फितींचा रोग वेगळा. चुंबकीय कण धरून ठेवणारा थर ओल शोषून चिकट होतो. वाजवली की किंचाळते, फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी मळ सोडते, आणि तो मळ म्हणजेच आवाज. अशा फिती तज्ज्ञ 50-55 अंश सेल्सिअसला काही तास शेकतात. त्यानंतर थोडे आठवडे त्या वाजवता येतात. हे घरच्या ओव्हनचं काम नव्हे. आणि ॲसिटेट फीत चुकूनही शेकायची नाही, ती वाकडी होऊन कायमची जाते. म्हणून ओळख आधी.

जुना रेकॉर्डर का नको? त्याचे रबरी भाग विरघळलेले असतात, ब्रेक असमान असतात. थांबवताना फीत ताणली जाते किंवा तुटते. आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलंच. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात शाबूत असतील तर ते आधी तोडा, म्हणजे तिच्यावर नवं ध्वनिमुद्रण होणार नाही.

लांबीवरून बरंच कळतं. 7 इंची, 1200 फुटी स्पूल सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाने एका दिशेला साधारण 32 मिनिटं चालतो, 9.5 ने 64 मिनिटं. कॅसेट सी-90 असेल तर एका बाजूला 45 मिनिटं, म्हणजे व्याख्यान ऐन रंगात आलेलं असताना बाजू बदललेली असते आणि त्यात दोन-चार वाक्यं गेलेली असतात. लिप्यंतरात तिथे ‘फीत उलटली’ असं लिहा. वाक्य स्वतः जुळवू नका. प्रश्नोत्तरं बहुधा नसतातच, कारण फीत तोवर संपलेली.

रूपांतराची मूळ प्रत 96 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाईल. एका तासाला एकमार्गी (मोनो) ध्वनीत सुमारे 1 जीबी. तिच्यावर खरखर काढण्याचे प्रयोग करायचे नाहीत. ऐकण्यासाठीची साफ केलेली एमपी3 प्रत वेगळी. सुरुवातीचं सूत्रसंचालन कापू नका. खोक्यावरची चिठ्ठी आणि आतली फीत यांची अदलाबदल नेहमी झालेली असते, आणि वक्ता कोण हे ओळख करून देणाऱ्याच्या तोंडूनच कळतं.

---

अनुस्वार

यादी तक्त्यात भरणार असाल तर तारखेचा रकाना आधी ‘मजकूर’ करून घ्या. एक्सेल 15/8/28 ला निमूटपणे 2028 करतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. दिवस माहीत नसेल तर वर्ष-महिन्यावर थांबा, 1 तारीख घालू नका. नाहीतर पुढच्या वाचणाऱ्याला वाटतं की तुमच्याकडे दर महिन्याच्या 1 तारखेलाच व्याख्यान असायचं.

साल नसलेल्या पत्रिका भरपूर निघतील: ‘शनिवार दि. 12 रोजी सायंकाळी 5 वाजता’. वार आणि तारीख दोन्ही असतील आणि महिना माहीत असेल तर साल जवळपास सापडतं. तीच तारीख त्याच वारी पुन्हा येते ती 5, 6 किंवा 11 वर्षांनी. म्हणजे 60 वर्षांत आठ-नऊच उमेदवार. त्यातून प्राचार्यांचं नाव आणि छापखान्याचं नाव पाहून चाळणी लावा.

‘तिसरे पुष्प’ या शब्दाने भल्याभल्यांना गंडवलंय. ते त्या वर्षीच्या मालेतलं तिसऱ्या दिवसाचं व्याख्यान असू शकतं, किंवा माला सुरू झाल्यापासूनचं तिसरं वर्ष. कधी तर वर्ष खंडित झालं तरी क्रमांक पुढे सरकवलेला असतो. पुष्पाच्या आकड्यावरून साल काढू नका. साल दुसरीकडून काढून आकडा ताडून बघा.

शीर्षकं जशी छापली तशीच उतरवा. 1962 च्या लेखननियमांआधीचं ‘कां’, ‘केलें’, ‘मराठींतील’ सुधारलंत तर मूळ अंकात शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. शेजारी आजच्या लेखनाचा दुसरा रकाना द्या. नावांनाही दोन रकाने: छापलेलं आणि निश्चित केलेलं. ‘प्रा. जोशी’ कोण हे विषय आणि हुद्दा दोन्ही जुळल्याशिवाय ठरवू नका, ‘प्रा. जोशी (अनिश्चित)’ चालेल.

---

स्मरणिका_समिती

नोटिशीच्या चार वह्या माळ्यावर मिळाल्या! दोन उपप्रश्न. स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांचं भाषण धरायचं का? आणि तीन दिवसांच्या परिसंवादात 24 निबंध होते, तर ते एक मोजायचं की 24?

---

जुनं_दप्तर

प्रमुख पाहुण्यांचं भाषण: विषय आधी जाहीर झाला असेल तर धरा, नसेल तर वेगळ्या परिशिष्टात. नाहीतर 60 वर्षांचे उद्घाटक आणि बक्षीस वाटणारे यादीत येतील आणि खरी व्याख्यानं त्यात बुडतील.

परिसंवादाला एक मूळ नोंद (विषय, दिवस, आयोजक विभाग) आणि तिच्याखाली प्रत्येक निबंधाची उपनोंद. एकूण आकडा देताना ‘परिसंवाद 1, निबंध 24’ असं लिहा, बेरीज करू नका. पण 24 हा आकडा गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेतून आला असेल तर थांबा. ती पुस्तिका आठवडाभर आधी छापलेली असते आणि तिच्यातले काही निबंधकार आलेलेच नसतात. सत्राध्यक्षांची प्रत मिळाली तर नावांपुढच्या खुणा बघा. नाही मिळाली तर नोंदणीपुस्तकातल्या सह्या.

‘परिसंवाद’, ‘चर्चासत्र’, ‘कार्यशाळा’ हे शब्द प्रत्येक काळात सैलपणे वापरले गेलेत. सिंपोझियम या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ एकत्र बसून मद्यपान, तेव्हा काटेकोरपणाचा आग्रह कोणी धरायचा! पत्रिकेवरचा शब्द तसाच ठेवा आणि स्वरूप वेगळ्या रकान्यात टाका: एकाच विषयावर अनेक वक्ते, की आधी पाठवलेल्या निबंधांवर चर्चा, की हाताने करून बघण्याचं काम.

ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर टाकणार असाल तर फीत तुमच्या कपाटात असणं पुरेसं नाही. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार आपल्या व्याख्यानांचा संग्रह काढण्याचा हक्क वक्त्याचा असतो. वक्ता किंवा वारस यांची लेखी परवानगी घ्या आणि ती नोंदीच्या क्रमांकाला जोडून ठेवा. त्या चार वह्यांत रद्द झालेल्या व्याख्यानांची पानं आधी उतरवून घ्या. पत्रिकांची पेटी त्यानंतर उघडलीत तर काम निम्म्या वेळात होईल.