ब्रेक पॅड आणि डिस्क नवे बसवल्यावर येणारा आवाज : वाट पाहावी की चाक उघडावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला पॅड दाबून गाडी थांबवतात) काही आठवड्यांपूर्वी बदलून घेतले. जुने पॅड संपत आले होते आणि डिस्कवर नखाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या, त्यामुळे दोन्ही एकदम बदलावे लागले. आता गाडी व्यवस्थित थांबते, पॅडल खाली जात नाही, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढतही नाही. परंतु काम होण्यापूर्वी जे आवाज नव्हते ते आता येऊ लागले आहेत.

पहिला आवाज सिग्नलजवळ गाडी सावकाश थांबवताना, पाय अगदी हलका ठेवलेला असताना येतो. तो बारीक आणि कर्कश असून पाय जोरात दाबला की बंद होतो. दुसरा आवाज ब्रेकला पाय न लावताही येतो. काच खाली करून भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवली तर डाव्या पुढच्या चाकातून चाकाच्या फेऱ्यांच्या लयीत सर्र-सर्र असे घासल्यासारखे ऐकू येते. गॅरेजमध्ये सांगितले की पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो, थोडी गाडी चालवा. हे म्हणणे कितपत खरे धरावे आणि किती दिवस वाट पाहावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपण दोन्ही आवाज वेगवेगळे करून लिहिलेत, त्यामुळे निम्मे निदान इथेच झाले आहे. हे दोन स्वतंत्र दोष असण्याची शक्यता अधिक आहे आणि त्यांना एकच उत्तर लावणे चुकीचे ठरेल. ‘पॅड बसतील’ हे पहिल्या आवाजाच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. ब्रेक न दाबता येणारा आवाज मात्र पॅड बसण्याची वाट पाहत सोडून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाकाच्या लयीत घासण्याचा आवाज येत असेल तर सर्वप्रथम डिस्कच्या मागचा पातळ पत्रा पाहावा. चिखल आणि खडी अडवण्यासाठी तो तिथे असतो आणि डिस्कपासून त्याचे अंतर जेमतेम काही मिलिमीटर असते. जुनी डिस्क गंजून हबला (ज्यावर डिस्क आणि चाक बसते तो मधला भाग) घट्ट बसलेली असली की ती हातोडीने ठोकून काढतात, आणि त्यात हा पत्रा सहज वाकतो. डिस्कच्या आतल्या बाजूला, पॅड जिथे पोहोचत नाही अशा काठावर, एखादी चकचकीत रेघ उमटलेली दिसली तर पत्रा लागतो आहे हे निश्चित समजावे. पत्रा हाताने किंचित मागे वाकवला की काम होते, नवा सुटा भाग लागत नाही. कधी कधी पत्रा आणि डिस्क यांच्या फटीत एखादा बारीक खडाही अडकतो, पण तो आवाज फार कर्कश असतो आणि गाडी थोडी पुढे-मागे केली की बहुधा सुटतो.

दुसरी शक्यता अशी की नवी डिस्क हबवर सपाट बसलेली नाही. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने न काढता वर डिस्क चढवली तर गंजाच्या पापुद्र्यामुळे डिस्क किंचित तिरकी राहते आणि प्रत्येक फेरीत एकदा पॅडला स्पर्श करते. डिस्कला असा डुलण्याचा दोष किती चालतो हे गाडीनुसार ठरते, पण अनेक गाड्यांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर इतकी बारीक असते, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काटेवाले उपकरण) लावूनच मोजावा लागतो. सुरुवातीला पॅडल थरथरत नाही, म्हणून लोक निश्चिंत राहतात. पुढे काही हजार किलोमीटरमध्ये डिस्कची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त होते आणि मग थरथर सुरू होते.

एक सोपी चाचणी घरीही करता येईल. तो आवाज चालू असताना ब्रेकला पाय नुसता टेकवावा. आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड आणि डिस्क यांच्याकडे संशय जातो. काहीच फरक पडला नाही तर पत्र्याकडे जातो. आवाज घासण्याऐवजी घुमल्यासारखा असेल आणि स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर कमी-जास्त होत असेल, तर ब्रेक सोडून चाकाचे बेअरिंग तपासावे.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, म्हणून केवळ पहिल्या आवाजाबद्दल लिहितो.

काचेच्या पेल्याच्या काठावरून ओले बोट फिरवले की पेला गातो, तसाच हा प्रकार आहे. पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो आणि त्यातून डिस्क, पॅड व कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) हे सगळेच कंप पावू लागतात. हा कंप सेकंदाला हजाराच्या वर गेला की तो कानाला कर्कश लागतो. हलक्या दाबाखाली पॅड आपल्या जागेत सैल असतो म्हणून आवाज येतो आणि जोरात दाबल्यावर तो घट्ट धरला जातो म्हणून थांबतो. तेव्हा ‘पॅड जागेत सैल का आहे?’ या प्रश्नाचे उत्तर शोधावे.

इथे मला बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळली आहे : पॅड नवे घातले जातात, पण त्यांची टोके ज्या स्टीलच्या पातळ क्लिपांमध्ये सरकतात त्या क्लिपा जुन्याच ठेवल्या जातात. त्यांची पकड गेलेली असते आणि त्यांच्याखाली गंज साचलेला असतो. त्याचबरोबर पॅडच्या पाठीवरची शिम (कंप शोषणारी पातळ पट्टी) बसवली आहे का, आणि झीज कळवणारी छोटी पत्र्याची पट्टी वाकून डिस्कला टेकते आहे का, हेही पाहावे. काही गाड्यांमध्ये आतला आणि बाहेरचा पॅड वेगळा असतो. त्यांची अदलाबदल झाली तर ही पट्टी नको त्या जागी येते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या दोन्ही पिना हाताने ढकलल्यावर सहज आत-बाहेर झाल्या पाहिजेत.

राहिला प्रश्न पॅड ‘बसण्याचा’. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला नसेल तर पॅड तेच तेल शोषतात. डिस्क स्वच्छ असेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत वेग कमी करावा, गाडी पूर्ण न थांबवता पुन्हा वेग घ्यावा, आणि असे आठ-दहा वेळा करून नंतर ब्रेक न वापरता थोडे अंतर चालवून ते थंड होऊ द्यावेत. तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून उभे राहू नये, कारण पॅडच्या पदार्थाचा ठसा डिस्कवर उमटतो. साधारण ३०० किलोमीटर चालवूनही आवाज कमी होण्याचे नाव घेत नसेल तर ‘बसतील’ हे उत्तर स्वीकारू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाय टेकवून पाहिला, सर्र-सर्र आवाजात काही फरक पडला नाही. त्यामुळे दुसऱ्या एका मेकॅनिककडे समोर उभा राहून डावे चाक उघडून घेतले. डिस्कच्या आतल्या काठावर सांगितल्याप्रमाणे बोटाच्या पेराएवढ्या रुंदीचा उजळ पट्टा होता आणि त्यासमोर पत्र्याचा रंग खरवडला गेला होता. पत्रा मागे घेतल्यावर चाक हाताने फिरवले तर ते मुकाट फिरले. क्लिपा जुन्याच निघाल्या, त्या मागवल्या आहेत. कॅलिपरची खालची पिन मात्र कोरडी असून जोर लावल्याशिवाय हलत नाही. मेकॅनिक म्हणतात की बेअरिंगचे ग्रीस लावून पिन मोकळी करून देतो. हे चालेल का?

तिसरे उत्तर

ते कृपया लावू देऊ नका. बेअरिंगचे साधे ग्रीस खनिज तेलावर आधारलेले असते आणि ते पिनेवरच्या रबरी बुटाला (धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणाला) लागले की रबर फुगते. काही दिवस पिन छान सरकते, नंतर फुगलेले रबर तिला आवळून धरते आणि दोष पूर्वीपेक्षा वाढतो. डब्यावर ब्रेकच्या पिनांसाठी असे स्पष्ट लिहिलेले सिलिकॉनचे ग्रीसच वापरावे. त्याआधी पिन आणि तिचे भोक दोन्ही जुने ग्रीस निघेपर्यंत स्वच्छ करावे. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ती बदलावी. ग्रीसचा थर पातळ असावा. भोकात ते ठासून भरले तर आतली हवा कोंडते आणि पिन पुन्हा बाहेर ढकलली जाते. वरची आणि खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बाही असते, त्यामुळे काढतानाच खूण करून ठेवावी. पॅडच्या टोकांना, जिथे ती क्लिपांत सरकतात तिथे, ब्रेकचेच ग्रीस नावापुरते लावतात. डिस्कला घासणाऱ्या बाजूला मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नये.

डाव्या चाकाची पिन अडकलेली होती, म्हणून त्या चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजून घ्या. आतला पॅड स्पष्टपणे जास्त झिजला असेल तर पिन बऱ्याच काळापासून अडत होती असे समजून दोन्ही चाकांचे पॅड जोडीनेच बदलावेत. एकाच चाकाचे बदलू नयेत. उजवे चाकही याच वेळी उघडावे, कारण क्लिपा तिथेही जुन्याच असणार. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका, ती श्वासावाटे आत जाते. ओल्या फडक्याने पुसलेली बरी.

काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांना पॅडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागतच नाही. त्यानंतर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने ठरलेल्या ताकदीनेच आवळून घ्यावेत आणि मगच मोकळ्या जागेत अगदी हळू वेगात पहिला ब्रेक लावून पाहावा.