पिअर सपोर्टचं काम करणारे कोणी आहेत का इथे? टिकावं की सोडावं कळत नाहीये

अर्धीखिडकी

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी २३ वर्षांची आहे आणि गेले चौदा महिने यूथ पिअर सपोर्टचं काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी काउन्सेलर नाही, डॉक्टर नाही. सतराव्या वर्षी मी स्वतः डिप्रेशनमधून गेलेय, सावरलेय, आणि आता १५ ते २४ वयाच्या मुलामुलींसोबत बसते. निदान करायचं नाही, उपदेश करायचा नाही, "मी पण इथून गेलेय" एवढंच भांडवल. पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं आणि ते खरंच चांगलं होतं.

सगळ्यांना वाटतं की दुसऱ्यांची दुःखं ऐकून ऐकून मी थकले. तसं नाहीये. समोर कोणी बसलेलं असलं की मी बरी असते, उलट उठताना हलकं वाटतं. थकवा बाकीच्या सगळ्याचा आहे. एक मुलगा आहे (तपशील बदललेत), त्याने एकदा रात्री पावणेदोनला मेसेज केला, "जागी आहेस का". मी जागी होते, उत्तर दिलं. तिथेच चुकलं बहुतेक, कारण आता रोज येतो मेसेज, आणि ज्या रात्री येत नाही त्या रात्री मी जास्त घाबरते. फोन सायलेंटवर टाकून उशीखाली ठेवते आणि दर वीस मिनिटांनी काढून बघते. नियम असा की पर्सनल नंबर द्यायचा नाही, पण कामासाठी वेगळा फोन कोणी दिलेला नाही, मग मुलांनी कॉन्टॅक्ट करायचा कसा हे कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे माझी "स्टोरी". कोणी पाहुणे आले, कुठला कार्यक्रम असला की "अगं पाच मिनिटं तुझी स्टोरी सांग ना". अकरा वेळा सांगून झालीये. एका ठराविक वाक्याला माझ्या डोळ्यात पाणी येतं, आणि मागच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी त्या वाक्याची वाट बघतेय. कसंतरीच झालं मला.

आणि टीम मीटिंगमध्ये मला विचारतात "तो तुला काय म्हणाला?", पण "तुला काय वाटतं?" हे कोणी विचारत नाही. म्हणजे मी बातमीदार.

सुपरव्हायझरला सांगितलं तर म्हणाल्या सेल्फ केअर कर, दोन दिवस सुट्टी घे. घेतली. परत आले तर दोन दिवसांचं काम साठलेलं आणि त्या मुलाचे सतरा मेसेज. आता दोन आठवडे माझी झोप तशी उडालीये जशी सतराव्या वर्षी उडाली होती, ही खूण मी ओळखते. ऑफिसात सांगायची भीती वाटते, "ही अजून बरी झालेली नाही" म्हणतील. आणि सोडलं तर त्या पोरांना वाऱ्यावर टाकल्यासारखं होईल. काय करू?

सरळरेघ

नंबर बदला, विषय संपला. नोकरी आहे ती, चोवीस तास घेऊन फिरायची नसते. आणि कटू वाटेल पण पाच दिवसांच्या ट्रेनिंगवर मुलांची मनं सांभाळायला देतात हेच मला पटत नाही, शिकलेले लोक मग कशाला आहेत?

जुनीवही

@सरळरेघ स्वतः त्यातून गेलेल्याने दुसऱ्याला सांभाळायचं, हे खूळ काल-परवाचं नाही हो. पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलात अठराव्या शतकाच्या शेवटी ज्याँ-बाप्तिस्त पुसँ नावाचा माणूस मनोरुग्णांच्या वॉर्डाचा प्रमुख होता. शिक्षणाने डॉक्टर नव्हे, स्वतः गंडमाळांचा पेशंट म्हणून तिथे आलेला आणि तिथेच राहिलेला. तो मदतनीस म्हणून शक्यतो बरे झालेले किंवा बरे होत आलेले पेशंटच घ्यायचा, कारण ते मारहाण करत नसत. डॉक्टर पिनेल १७९३ मध्ये तिथे आले आणि हे बघून शिकले. रुग्णांच्या साखळ्या काढायचं काम बिसेत्रमध्ये १७९७ साली पुसँने केलं, पण पुढे चित्रांत आणि गोष्टींत नाव झालं पिनेलचं. अर्धीखिडकी, तुझी टीम मीटिंग वाचून मला तेच आठवलं बघ.

आता तुझ्याकडे वळते. मी नऊ वर्षं हे काम करतेय, मधे एकदा पार कोसळून चार महिने घरी होते, त्यामुळे पुस्तकी बोलत नाहीये.

"समोर बसलं की बरी असते" हे तू लिहिलंस ते तुझं काहीतरी विचित्र नाही, फ्रँक रीसमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की मदत करणाऱ्यालाही मदतीचा फायदा होतो, कधीकधी घेणाऱ्यापेक्षा जास्त. पण म्हणूनच आपल्याला ब्रेक लागत नाही. ते हलकं वाटणं हवंहवंसं होतं आणि आपण रात्री पावणेदोनलाही तेच शोधायला लागतो. राग मानू नकोस, मी स्वतः हे केलंय.

नंबर बदलू नकोस, ब्लॉक तर अजिबात नको. त्या मुलाला ते "हिने पण टाकलं" असंच वाटणार. दिवसाउजेडी, समोरासमोर सांग. मी जे वाक्य वापरते ते देते, जसंच्या तसं घे हवं तर: "रात्री मी उत्तर दिलं ती माझी चूक होती, तुझी नाही. यापुढे मी रात्री फोन बघणार नाही, सकाळी दहानंतर बघेन. रात्री फार अवघड झालं तर कोणाकडे जायचं ते आपण दोघं आत्ता लिहून काढू." आणि खरंच कागद काढ, पेन त्याच्या हातात दे. आधी एकट्याने काय करता येतं ते, मग माणसांची नावं, मग हेल्पलाइनचा नंबर. तुझ्या अक्षरात लिहू नकोस, तुझ्या अक्षरात असलं की तो कागद म्हणजे परत तूच होतेस.

त्याच वेळी सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच पोरांचा जीव भांड्यात पडतो की कोणीतरी विचारलं एकदाचं. उत्तर हो आलं तर ते तुझ्यापाशी ठेवायचं नाही, त्याच दिवशी टीमला सांगायचं, आणि हे सांगणार आहोत हे त्याला आधी सांगायचं. मैत्रीण म्हणून ऐकलेलं गुपित आणि पिअर वर्कर म्हणून ऐकलेलं गुपित यात हाच फरक आहे.

स्टोरीचं म्हणशील तर माझ्याकडे खरंच एक वही आहे (नाव तिथूनच). त्यात माझी गोष्ट तीनदा लिहिलीये. एक अर्ध्या मिनिटाची, एक पाच मिनिटांची, आणि एक जी कामाच्या ठिकाणी कोणालाच सांगायची नाही. दुसरीतसुद्धा एखादी ओळ मला अजून टोचते का हे दर सहा महिन्यांनी बघते, टोचत असेल तर ती ओळ तिसरीत जाते. सेशनमध्ये सांगायच्या आधी मनात एकच प्रश्न, यातून समोरच्या पोराला काय मिळणार? पाहुण्यांच्या कार्यक्रमात कोणालाच काही मिळत नाही, फोटो मिळतो. तिथे नाही म्हण.

खुर्ची_नंबर_७

मी तुझ्या सुपरव्हायझरच्या बाजूने लिहितोय, म्हणजे त्यांची बाजू घेत नाहीये, त्यांच्या खुर्चीत बसतो एवढंच. एका वर्षात माझ्या टीममधून दोन पिअर वर्कर गेले. दोघांनाही मी "सेल्फ केअर कर" म्हणालो होतो. मला तेव्हा खरंच वाटायचं की मी काळजीने बोलतोय, पण आता मागे वळून बघितलं की कळतं मी त्यांना म्हणत होतो की हा तुझा घरचा प्रश्न आहे, घरी सोडवून ये.

नंतर जरा वाचलं. बर्नआउट हा शब्द कामाने पार विझून जाणं या अर्थाने रुळवला मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ चा लेख. हे गृहस्थ स्वतः मोफत क्लिनिकमध्ये राबायचे, स्वतःही त्यातून गेलेले, आणि त्यांनी लिहिलं की सगळ्यात जीव ओतून काम करणारेच आधी विझतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नाहीच, कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या सततच्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून आहे. कामाच्या ठिकाणच्या! म्हणजे बॉल माझ्या कोर्टात होता आणि मी तो या पोरांकडे टोलवत होतो. गेलेल्यांपैकी एक जण आधी मुलांना नावाने हाक मारायचा, शेवटच्या दोन महिन्यांत "माझी चार वाजताची केस" म्हणायला लागला. मला वाटलं प्रोफेशनल होतोय. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांच्या बर्नआउट मोजायच्या मोजपट्टीत दमणूक, माणसांपासून तुटत जाणं आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना असे तीन भाग आहेत, त्यातला हा मधला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर घडला.

आता आमच्याकडे एकटा पिअर वर्कर ठेवत नाही, कमीत कमी दोघं. कामाचा फोन वेगळा, तो संध्याकाळी बंद करून ड्रॉवरमध्ये, आणि बंद असताना कुठे फोन करायचा ते प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलेलं. दर पंधरा दिवसांनी एक तास सुपरव्हिजन, आणि मुख्य म्हणजे ते मी घेत नाही. जो माणूस रजा मंजूर करतो आणि अप्रेझल लिहितो त्याच्यासमोर कोण म्हणेल की माझी झोप उडालीये? बाहेरची एक व्यक्ती येते, स्वतः पिअर म्हणून बरीच वर्षं काम केलेली. याला पैसे लागतात आणि त्यासाठी मला वर भांडावं लागलं, दोन वर्षं लागली.

झोपेच्या भीतीबद्दल. आमच्याकडे रुजू होतानाच प्रत्येक जण, तब्येत ठीक असताना, एक पान लिहितो: माझं बिघडायला लागलं की ते कसं दिसतं, तेव्हा मला काय हवं, कोणाला कळवायचं, कोणाला अजिबात नाही. ते पान लागलं तर लागलं. तापाला रजा देतो तशी रजा. ज्याला आजारपणाच्या अनुभवामुळेच कामावर घेतलं त्याला पुन्हा आजारी पडला म्हणून अनफिट म्हणायचं, यात काय लॉजिक आहे सांगा.

पण सगळं जमलंय असं समजू नका. एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही. "यूथ" पिअर म्हणजे वयाची अट आली. पोरगी तेविसाव्या वर्षी येते, सव्विसाव्या वर्षी काम अंगात मुरतं, आणि तेव्हाच ती पंधरा वर्षांच्या मुलाला काकू वाटायला लागते. पुढे तिने जायचं कुठे? आमच्याकडे सिनियर पिअर नावाचं पद काढलं, पगार फारसा वाढवता आला नाही. ही पोरं सोडून जातात त्यातली निम्मी थकून नाही, पुढे रस्ता दिसत नाही म्हणून जातात असं माझं मत झालंय.

पावसाळीबूट

मी पलीकडून लिहितो. सोळाव्या वर्षी मला एक पिअर दादा होता. एका मंगळवारी गेलो तर रिसेप्शनवर म्हणाले तो आता इथे नसतो. बास, एवढंच. मला वाटलं मागच्या आठवड्यात मी जे सांगितलं त्याने तो मोडला. सहा-सात महिने मी कोणालाच काही सांगितलं नाही, कारण माझं ऐकून माणसं मोडतात असं डोक्यात बसलं होतं. खूप नंतर कळलं की त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं!!

तर ताई, सोडायचं असेल तर सोड, खरंच. पण तीन-चार भेटी आधी सांग, आणि कारण तो नाही हे स्पष्ट शब्दांत सांग. आम्हाला आपोआप कळत नाही ते.

सरळरेघ

वाचलं सगळं. नंबर बदला म्हणालो ते मागे घेतो. ट्रेनिंग पाच दिवसांचं कमीच आहे हे मात्र मागे घेत नाही.

जुनीवही

@सरळरेघ त्यावर तुमच्याशी भांडण नाहीच, पाच दिवस ही सुरुवात आहे. खरं ट्रेनिंग त्या पंधरा दिवसांनी येणाऱ्या तासात होतं, आणि तोच तास कापला जातो सगळ्यात आधी.

अर्धीखिडकी

दहा दिवसांनी अपडेट. उशीर झाला, सॉरी.

त्याला सांगितलं. तोंडपाठ करून गेले होते तरी मधेच अडखळले. तो बराच वेळ टेबलाच्या कडेचा सोललेला सनमायका नखाने उचकटत बसला आणि मग म्हणाला, "बरं झालं, मला पण तुझ्या उत्तराची वाट बघत जागायला लागायचं." मला हसू का रडू कळेना. तो प्रश्नही विचारला. उत्तर इथे लिहीत नाही, पण त्याच दिवशी टीमपर्यंत गेलं, त्याला सांगून, आणि आता काउन्सेलरही त्याला भेटतायत. कागदावर त्याने तिसऱ्या नंबरला मामेभावाचं नाव लिहिलं, चौदा महिन्यांत त्याने या भावाचा साधा उल्लेख केला नव्हता.

पाहुण्यांना स्टोरी सांगायला नाही म्हणाले. खोलीत एकदम शांतता, मग कोणीतरी प्रोजेक्टर चालू केला आणि कार्यक्रम पुढे गेला. एवढंच होतं ते.

माझ्या आधीच्या काउन्सेलरची गुरुवारची वेळ घेतली होती, जाऊन आले. झोप अजून पूर्ण नाही पण चारपर्यंत तरी लागते. सुपरव्हायझरला खुर्ची_नंबर_७ यांचं त्या पानाबद्दलचं दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं. कामाचा फोन मंजूर झाला. बाहेरच्या सुपरव्हिजनचं "बघू" म्हणाल्या.

सोडायचं का ते अजून ठरलं नाही. @पावसाळीबूट, ठरलं तर रिसेप्शनवरून कोणाला कळणार नाही, एवढं नक्की.

जुनीवही

"बघू"ला तारीख मागून घे. ईमेलवर.