मदत हवी आहे: एमिल मांगल्सडॉर्फ यांचा आल्टो सॅक्सोफोन कुठे ऐकू?

फ्रँकफुर्टचे जॅझवादक एमिल मांगल्सडॉर्फ (१९२५–२०२२) यांच्यावर आमच्या श्रवणबैठकीत दहा मिनिटं बोलायचंय. स्विंगपायी (तेव्हाची नाचरी जॅझ शैली) गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची अटक, सोव्हिएत युद्धकैद, १९४९ला सुटका, मग पियानोवादक युटा हिपचा गट, हेसेन या जर्मन राज्याच्या रेडिओचा जॅझ वाद्यवृंद, म्हातारपणी शाळकरी मुलांना नाझीकाळ सांगणं, एवढं जमलंय. अडलंय वादनावर. शोधलं की धाकट्या भावाचा, आल्बर्टचा ट्रॉम्बोनच पुढे येतो (थोरल्याचं नशीब, दुसरं काय!). रेडिओच्या वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोनवाल्यांमधून (टेनरचा आवाज आल्टोपेक्षा खालचा) एमिल यांचा आल्टो मला वेगळा काढता येत नाही. जर्मन येत नाही, रेकॉर्ड प्लेअरही नाही, त्यामुळे ऑनलाइन मिळणारंच सांगा. १९५०च्या दशकातलं एक आणि उतारवयातलं एक, ज्यात त्यांचा आल्टो सुटा ऐकू येतो, असं ध्वनिमुद्रण कोणतं?