गोलकीपरचा कोच होतो कसा? (ठाण्यातल्या इनलाइन गोलींसाठी)

वर्तकनगर_रिंक

मंडळी, ठाण्यात इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केट्सवरची) खेळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या दोन गोलकीपर मुलांसाठी विचारतोय. दोघांनाही पुढे कोचिंगकडे वळायचं आहे. गोलकीपिंग शिकवणारं वेगळं माणूस त्यांच्याकडे नाही. सराव सिमेंटच्या उघड्या रिंकवर, म्हणजे जून ते सप्टेंबर जवळपास बंद.

बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर राहून पुढे कोच झालेल्यांपैकी नेमका कोणाचा प्रवास अभ्यासावा? गोलींमधून मुख्य कोच कमी होतात असं ऐकलंय, ते का? आणि या मुलांनी आत्तापासून काय हाती घ्यावं? "मेहनत करा" सोडून काहीही सांगा, आकड्यांसकट सांगितलंत तर फारच उत्तम.

नेरूळ_ब्लूलाइन

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर एकच: पॅट्रिक रॉय (क्वेबेकमध्ये उच्चार 'रुआ'). पण त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द बघण्यापेक्षा मधली आठ वर्षं बघा.

खेळाडू म्हणून तो २००३ मध्ये निवृत्त झाला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या आइस हॉकी लीगचा स्टॅन्ली कप चारदा (१९८६, १९९३, १९९६, २००१), साखळी सामन्यांत ५५१ विजय, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक तीनदा. एवढं नाव असताना एनएचएलमध्ये थेट बेंचमागे उभं राहायचा प्रयत्न करता आला असता. त्याऐवजी तो क्वेबेक रेम्पार्ट्स या ज्युनियर संघाकडे गेला. सोळा ते वीस वर्षांची मुलं, बसचे लांब प्रवास, आणि संघाचा जनरल मॅनेजरही तोच. २००५-०६ च्या पहिल्याच मोसमात ज्युनियर संघांचा मेमोरियल कप जिंकला, तरी तो २०१३ पर्यंत तिथेच राहिला. मग कोलोराडो अ‍ॅव्हलांच. पहिल्या मोसमात ५२ विजय, ११२ गुण आणि सर्वोत्तम कोचचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार. पुढचे दोन मोसम मात्र प्लेऑफ हुकली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने पद सोडलं. २०१८ मध्ये पुन्हा रेम्पार्ट्स, २०२३ मध्ये पुन्हा मेमोरियल कप, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्स.

ज्युनियरमधल्या त्या वर्षांची गरज का पडते, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गोली पूर्ण ६० मिनिटं बर्फावर असतो. बाकीचे १८ खेळाडू ४०-५० सेकंदांच्या पाळ्यांत आत-बाहेर करतात. खेळाडूंची कोणती ओळ कोणासमोर सोडायची, दमलेला बचावपटू आत अडकला असेल तर पक (हॉकीची रबरी चकती) कुठे टाकायचा, समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाच्या पॉवर प्लेच्या दोन मिनिटांत दुसरी फळी कधी पाठवायची, हे सगळं बेंचवर घडतं आणि गोली तिथे नसतो. तो फोरचेक (समोरच्यांवर त्यांच्याच भागात दबाव टाकणं) करत नाही, धावत्या खेळात बदलला जात नाही. एनएचएलच्या नियमाप्रमाणे त्याला कप्तानाचा बिल्लाही लावता येत नाही, त्यामुळे रेफरीशी बोलायची सवयसुद्धा लागत नाही. खेळ समोरून वाचण्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो, पण बेंच चालवणं त्याला वेगळं शिकावं लागतं.

तरी मुख्य कोच झालेले गोली आहेत. एमिल फ्रान्सिस स्वतः एनएचएलमध्ये शंभरही सामने खेळला नाही, पण न्यू यॉर्क रेंजर्सला त्याने १९७२ च्या अंतिम फेरीत नेलं. तिथे समोर बॉस्टनच्या गोलमध्ये होता जेरी चीव्हर्स, जो पुढे १९८० ते १९८५ बॉस्टनचाच कोच झाला. रॉन लो एडमंटन आणि रेंजर्सचा, ग्लेन हॅनलन वॉशिंग्टनचा. झाक प्लांट, ज्याने १ नोव्हेंबर १९५९ ला चेहरा फाटल्यावर मास्क घातल्याशिवाय परत उतरायला नकार दिला, तो १९७३-७४ मध्ये क्वेबेक नॉर्डिक्सचा कोच होता. पुढच्या मोसमात तो पुन्हा गोलमध्ये उभा राहिला, पंचेचाळिशी गाठल्यावर.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण मैदानी हॉकीत आहे. पी. आर. श्रीजेश ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या कांस्यानंतर थांबला आणि लगेच ज्युनियर संघाचा कोच झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या संघाने मस्कतला ज्युनियर आशिया चषक जिंकला. त्यानेही सुरुवात ज्युनियरपासूनच केली, हे मुलांच्या नजरेस आणून द्या.

कोपरखैरणे_क्रीज

वरचं सगळं बरोबर, पण ठाण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाने मुख्य कोचचा रस्ता आज कशाला धरायचा? आधी गोलीचा कोच व्हावं. आपल्याकडे गरज त्याची आहे, आणि त्यासाठी मोठा खेळाडू असावं लागतही नाही. रॉयला घडवणारा फ्रान्स्वा अलेर स्वतः एनएचएल खेळलेला नव्हता. गुडघे जमिनीवर टेकवून दोन्ही पॅड आडवे पसरायची बटरफ्लाय शैली पद्धतशीर शिकवली ती त्याने.

उलट मोठा खेळाडूही शिकवू शकतो, पण तो काय शिकवतो ते बघा. व्लादिस्लाव त्रेत्याक, तीन ऑलिंपिक सुवर्णं, १९९० मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सकडे गोलींचा कोच म्हणून आला. त्याच मोसमात शिकागोच्या एड बेलफोरने सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर असे दोन्ही पुरस्कार मिळवले. बेलफोरने पुढे २० नंबर घेतला तो त्रेत्याकच्या आदरापोटी.

मुलांना १९८० च्या लेक प्लॅसिडमधला अमेरिका-सोव्हिएत सामना जरूर दाखवा. पहिलं सत्र संपता संपता डेव्ह ख्रिश्चनने लांबून फटका मारला. त्रेत्याकने तो अडवला, पण पक समोर उडाला आणि शेवटच्या सेकंदाला मार्क जॉन्सनने तो जाळीत घातला, २-२. दुसऱ्या सत्रात कोच तिखोनोवने त्रेत्याकला बसवलं. सोव्हिएत संघ ४-३ ने हरला. व्हिडिओ तिथे थांबवा आणि दोन प्रश्न विचारा: रिबाउंड कुठे जायला हवा होता? आणि २-२ असताना तुम्ही गोली बदलला असता का? पहिल्याचं उत्तर गोलीचं आहे, दुसऱ्याचं कोचचं. जो मुलगा दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ बोलेल, त्याच्यावर लक्ष ठेवा.

आता शिकवायचं काय. सर्वांत आधी कोन आणि खोली, कारण नुसत्या प्रतिक्षेपावर भागत नाही. ताशी १४४ किलोमीटरचा फटका म्हणजे सेकंदाला ४० मीटर. नऊ मीटरवरून तो ०.२२ सेकंदात पोहोचतो. डोळ्याने बघून हात हलेपर्यंतच जवळपास तेवढा वेळ जातो. म्हणजे फटका सुटण्याआधीच जागा घेतलेली हवी.

गोल १.८३ मीटर रुंद. नेम धरणारा समोर नऊ मीटरवर असेल तर गोलरेषेवर उभ्या गोलीला पूर्ण १.८३ मीटर झाकावे लागतात. एक मीटर पुढे आला तर १.६३, आणि १.८ मीटर पुढे आला तर १.४६. खडूने रिंकवर तिन्ही जागा आखा. दोन्ही खांबांना सुतळी बांधून टोकं नेम धरणाऱ्याच्या स्टिकपाशी एकत्र आणा. सुतळीच्या आत गोलीच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरते ते त्यालाच मोजू द्या. शब्दांत सांगून हे कळत नाही, सुतळीने पाच मिनिटांत कळतं.

नेरूळ_ब्लूलाइन

सुतळीचा प्रयोग छान, पण त्यातून "पुढे येणं म्हणजे चांगलं" एवढंच मुलांच्या मनात राहिलं तर घात होईल. आडवा पास आला की हिशेब उलटतो. बर्फावरच्या रिंकमध्ये गोलच्या दोन्ही बाजूंचे फेसऑफ ठिपके (जिथून खेळ पुन्हा सुरू होतो) एकमेकांपासून १३.४ मीटर. या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर पास गेला, तर १.८ मीटर बाहेर उभ्या गोलीला सुमारे २.७ मीटर सरकावं लागतं. एक मीटरवर असेल तर दीड मीटर. सेकंदाला २० मीटर वेगाचा पास ०.६७ सेकंदात पोहोचतो. एवढ्या वेळात दीड मीटर सरकून थांबता येतं, २.७ मीटर नाही.

फ्रान्स्वाचा भाऊ बेन्वा अलेर रेंजर्सकडे गोली घडवत होता. त्याच्या हाताखाली हेन्रिक लुंडक्विस्ट गोलरेषेजवळ खोल उभा राहून खेळला, तो याचसाठी. इनलाइनमध्ये तर चार-चार खेळाडू, जागा मोकळी, आडवे पास जास्त. आपल्या मुलांनी साधारण एक मीटर हीच मूळ जागा धरावी, आणि समोर एकटाच खेळाडू असून पास द्यायला कोणी नसेल तेव्हाच पुढे यावं.

कोपरखैरणे_क्रीज

मान्य. सुतळी लावताना दुसरा खेळाडू आडवा उभा करायचा, हे मी सांगायला हवं होतं.

वर्तकनगर_रिंक

दोघांचेही आभार, हेच हवं होतं. दोन गोष्टी अजून. सिमेंटवर बटरफ्लाय सरकत नाही, मुलं गुडघ्यावर आपटतात आणि तिथेच अडकतात. आणि सामन्यांची नोंद ठेवायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

घोडबंदर_पॅड्स

सिमेंटवर सरकणार नाहीच. चाकंही आडवी घसरत नाहीत, म्हणून बर्फावरचं शफल (उभ्याने आडवं सरकणं) इथे पावलं टाकत करावं लागतं. तीन गोष्टी करा. बटरफ्लायचा सराव गुळगुळीत फरशीवर किंवा प्लॅस्टिकच्या जोड-टाइल्सवर घ्या, ५-६ चौरस मीटर जागा पुरते. पावसाळ्यात सोसायटीचा हॉल किंवा पार्किंगचा कोरडा कोपरा यासाठी उत्तम. उघड्या सिमेंटवर कठीण चाकं लावा, ८२ए ते ८५ए. मऊ ७६ए चाकं तिथे झिजून जातात. आणि सिमेंटवर "आधी सरक, मग खाली जा" हाच क्रम ठेवा. खाली जाऊन सरकायची सवय लागली तर मुलगा प्रत्येक आडव्या पासला अडकेल.

आपटण्याचं कारण बऱ्याचदा पॅड असतं. "वाढत्या अंगाचा आहे" म्हणून दोन इंच मोठे पॅड घेतले जातात. मग गुडघा पॅडच्या आतल्या गादीवर न पडता तिच्या खाली सिमेंटवर पडतो, आणि पॅड वळतही नाही. उभं राहून बघा: गुडघ्याची वाटी पॅडच्या गुडघ्याच्या खाचेत बरोबर मध्यावर यायला हवी. गुडघ्याचा पट्टा घट्ट, घोट्याकडचे सैल. सगळे पट्टे आवळले की पॅड पायाबरोबर फिरतो, त्याचा चेहरा वर होतो आणि दोन पायांमधली फट उघडते.

एका सत्रात खाली बसण्याची संख्या मोजा. वाढत्या वयात बटरफ्लायचा अतिरेक खुब्याच्या सांध्याला महागात पडतो, गोलींमध्ये खुब्याची दुखणी जास्त आढळतात. जांघेत पुढून टोचल्यासारखं दुखत असेल तर ताण देऊन जिरवू नका, सराव थांबवून ऑर्थोपेडिकला दाखवा.

सरावातली नेहमीची चूक म्हणजे पाच मीटरवरून सगळ्यांनी रांगेने धडाधड फटके मारणं. गोलीला उठून पुन्हा जागा घ्यायला वेळ मिळत नाही, तो अंदाजाने पडायला शिकतो. सहा ते आठ फटक्यांचा एक संच, दोन फटक्यांमध्ये निदान चार-पाच सेकंद, आणि प्रत्येक फटक्यानंतर पक कुठे गेला तिकडे मान वळलीच पाहिजे.

नोंदीसाठी वहीचं एक पान, त्यावर रिंकचं आणि गोलचं चित्र. प्रत्येक फटक्याला क्रमांक द्या आणि पाच गोष्टी लिहा: कुठून आला, आधी आडवा पास होता का, गोलीला पक दिसत होता का, फटक्याच्या क्षणी तो थांबलेला होता की हलत होता, रिबाउंड कुठे गेला. ३० पैकी २७ अडवले म्हणजे .९००, पण हा आकडा कोचला फारसं काही सांगत नाही. गेलेल्या तीनपैकी तीनही वेळा गोली हलत होता, हे खरं सांगतं. ही वही बेंचवर बसून दोन मुलांनी आलटून पालटून भरावी, आणि बसलेल्याने शेजारी आपल्या संघाच्या पाळ्यांची वेळही लिहावी. नेरूळकर म्हणाले ते बेंचचं शिक्षण इथूनच सुरू होईल.

राहता राहिला खाडीकाठचा दमटपणा. ग्लव्ह, ब्लॉकर, छातीचं कवच बॅगेत बंद ठेवलं की दोन दिवसांत बुरशी. घरी आल्या आल्या पंख्याखाली उघडं टांगा, कडक उन्हात नको, तळव्याचं चामडं कडक होऊन फाटतं. स्केट्समध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा. ओल्या रिंकवर चुकून खेळ झालाच, तर त्याच रात्री बेअरिंग काढून पुसा आणि तेलाचा एक थेंब द्या. सकाळपर्यंत थांबलात तर गंज धरलेला असेल.

हिवाळ्यात लेहला बर्फावर खेळायची संधी मिळाली तर एवढंच लक्षात ठेवा: गोलीच्या स्केटचं पातं सुमारे ४ मिलिमीटर जाड असतं, बाकीच्यांचं ३. कोणाचेही उसने स्केट्स घालून गोलमध्ये उभं करू नका. पहिले दोन दिवस एकही फटका न घेता फक्त टी-पुश (एका पायाने ढकलून दुसऱ्यावर सरकणं), शफल आणि थांबणं.

वर्तकनगर_रिंक

वही उद्याच आणतो. पॅड मोजले, एकाचे खरोखरच दोन इंच मोठे आहेत.